विनीतमध्ये वीरेंद्र

...आता मले सांगा, "पत्रिका वाचते" यात न समजण्यासारखं काय आहे? पत्रिका आहे, वाचते. संपलं! पण नाही, आमचा भाचा कुणाल नागपुरातून फोनवर म्हणते, "साफ लिहा, मामाजी, साफ लिहा." अरे बाप्पा, इतकी वर्षं झाली पांढुर्ण्यात लग्नाच्या पत्रिका छापून राहिलो, साफ नाही तर काय डागाळलेलं छापलं?

तर झालं असं, तुम्हाले सांगतो, प्रेसमध्ये कंप्युटरवर बसणारी आमची अमिता गेली बाळंतपणाच्या सुट्टीवर. तिले मी नुसतं म्हणो, "केशवरावची काढ," की ती बरोबर तीच पत्रिका काढे. आता कोण काढीन? कुणाल म्हणे, "एआयचा एजंट बसवून देतो, तुमच्या साऱ्या फायली तोच वाचीन." बसवला. दोन टूल दिले त्याच्या हाती. एक जुन्या छापलेल्या पत्रिकेची फाईल उघडणारं, एक गिऱ्हाइकानं पाठवलेला नवा मजकूर उघडणारं. "अन् मामाजी, कोणतं टूल काय करते, कधी वापरायचं, कधी नाही, हे तुम्ही लिहून द्या. एजंटले तेवढंच दिसते. तो काही तुमच्यासंग चहा प्यायला नाही बसत." मी लिहिलं. पहिल्यासमोर, "पत्रिका वाचते." दुसऱ्यासमोर, "पत्रिका वाचते, नवी." आता तुम्हाले समजलं का नाही? समजलं ना? मग त्याले काहून नाही समजलं?

"साफ लिहा, मामाजी..." हाव रे, लिहितो, आधी धंदा तर करू दे.

आले सौंसरचे केशवराव. संत्र्याचे बगीचेवाले. लहान पोरगी सुचिता, तिचं लग्न. म्हणे, "गुलाबभाऊ, मोठीच्या लग्नात छापली होती तशीच पाहिजे. नावं मोबाईलवर पाठवली आहेत." मी एजंटले नवरी-नवरदेव सांगितले, तारीख सांगितली, म्हटलं पत्रिका वाच अन् बनव. त्यानं मोठीचीच जुनी पत्रिका उघडली. गणपती तिथून घेतला, नक्षी तिथून घेतली, अन् बाकीची नावंही तिथूनच घेतली! खाली "आपले विनीत"मध्ये केशवरावच्या नावाखाली कोण? वीरेंद्र. सख्खा लहान भाऊ, ज्याच्याशी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं तेव्हापासून एक शब्द नाही. एका गल्लीत राहतात, अन् समोरासमोर आले की एक जण आभाळ पाहते, दुसरा चप्पल. तुम्ही म्हणाल, गुलाबभाऊ, प्रूफ नाही पाहिलं? पाहिलं ना... वीरेंद्रचं नाव दिसलं, अन् मले वाटलं, चला, मिटलं वाटते, बरं झालं.

छापल्या, गेल्या, अर्ध्या वाटूनही झाल्या. मग केशवराव आले, गाडी बंद न करताच उतरले. "हे काय करून ठेवलं? मी त्याले बोलावणार नव्हतो, अन् पत्रिकेत तोच लोकांले बोलावून राहिला!" मी सांगून टाकलं, का बा, मशीननं जुन्या पत्रिकेतून नाव उचललं. लग्न पोरीचं, अन् भर मांडवात दोन भाऊ भिडले तर कोणापायी? माझ्यापायी. कुणालले फोन लावला, तर तो काय म्हणते? "साफ लिहा, मामाजी..." ठेवला फोन.

दुसऱ्या दिवशी केशवराव परत. आता बसले, पाणी प्यायले. म्हणे, वीरेंद्रच्या सासरी, तिगावले, पत्रिका पोचली, त्यांनी त्याले फोन केला, अन् संध्याकाळी तो यांच्या दारात उभा. आत येत नाही, जातही नाही. तिथूनच म्हणते, "दादा, मले न विचारता नाव टाकलं?" अन् लगेच तोच म्हणते, "मांडवाचं कोण पाहून राहिलं?" आता केशवराव काय सांगीन? का बा, टूलसमोर साफ लिहिलं नव्हतं? त्यांच्या तोंडातून निघून गेलं, "तू नाही तर कोण पाहीन?" ...हे सांगता सांगता केशवराव माझ्या प्रेसमध्ये रडले. मीही रडलो, खोटं काहून बोलू. जाता जाता म्हणे, "गुलाबभाऊ, मशीननं नाव टाकलं हे कोणाले सांगू नको." आता मी कोणाले सांगतो का?

मोठ्या ऐटीत कुणालले फोन केला. म्हटलं, पाहा, तुझ्या मामानं दोन भाऊ जोडले. तो म्हणे, "जुळले ते त्यांचे ते. चूक ती चूक. उद्या मेलेला माणूस विनीतमध्ये येईन, मग? साफ लिहा, मामाजी."

बसलो. लिहिलं. "हे टूल जुन्या छापलेल्या पत्रिका वाचते. यातून फक्त नक्षी घ्यायची. नावं घ्यायची नाही, कारण तेव्हापासून कोणी वारलं असेल, कोणी रुसलं असेल. नावं दुसऱ्या टूलनं, नव्या मजकुरातून घ्यायची. तरी शंका आली तर गिऱ्हाइकाले विचारायचं." कुणाल म्हणे, "याले म्हणतात साफ!"

इतकं साफ, तुम्हाले सांगतो, का एजंट आता येईल त्या गिऱ्हाइकाले मोबाईलवर विचारते, "विनीतमधल्या सर्वांशी आपलं सध्या बोलणं आहे का?" गिऱ्हाईक वाचते, डोकं खाजवते, म्हणते, "थांबा गुलाबभाऊ, घरी विचारून येतो." लग्नसराई डोक्यावर आली, कागद येऊन पडला, शाई भरून ठेवली... अन् अर्धा तालुका घरी विचाराले गेला आहे.