थांबा नसलेली बस

यशोधन : नाही म्हणजे नाही. एका बससाठी डिझेलवर लिटरमागे तीन सेंट जास्त कर, वर शहराच्या डोक्यावर तीस वर्षांचं कर्ज. ट्रक मी चालवतो, उत्कर्षा. सिटी कौन्सिल चालवत नाही.

उत्कर्षा : आणि मी चालत जाते. हेझल रिजची ही अख्खी टेकडी, जानेवारीत, बर्फातून. खाली हायवेला पहिली बस मिळेपर्यंत बोटं माझी राहत नाहीत. व्हँकुव्हर समोर दिसतं आणि २०१७ सालात इथून तिकडे जायला बस नाही.

यशोधन : लायसन्स काढ म्हटलं होतं.

उत्कर्षा : दोनदा फेल झाले. तिसऱ्यांदा तू शिकवणार होतास. तू कायम कॅलगरीच्या रस्त्यावर.

यशोधन : त्या रस्त्यावरच हे घर उभं आहे. असो. माझं मत मी काल पोस्टात टाकलं. नाही. तुझं पाकीट अजून फ्रिजवर आहे. तूही नाहीच लिही. एका घरातून दोन उलट मतं गेली की एकमेकांना खाऊन टाकतात.

उत्कर्षा : खाऊ देत. मी हो लिहून बंद केलंय. पाच वाजता पेटी उघडायला येतात, त्याआधी टाकणार.

प्रभा : भांडताय कशाला पण? बस येते की.

यशोधन : आई, ती खाली. हायवेवर.

प्रभा : वर, रे. आपल्या कोपऱ्यावर, त्या पत्रांच्या पेट्या आहेत ना, तिथं. मी परवा बसले.

उत्कर्षा : आई, तिथे थांबाच नाहीये. थांबा करायचा की नाही, त्यासाठीच तर हे मतदान चाललंय.

प्रभा : थांबा नसेल. बस आहे.

यशोधन : चकवा लागला असेल तुला. वॉकला एकटी जाऊ नकोस म्हणून सांगतो, तर ऐकत नाहीस.

प्रभा : चकव्यात माणूस फिरून फिरून तिथंच येतं. मी पुढं गेले.

यशोधन : कुठे जायला बसलीस?

प्रभा : कुठंच नाही. दार उघडलं. आत ऊब होती. चढले.

उत्कर्षा : कुणाच्या लक्षात कसं नाही आलं? एवढी मोठी बस, या चढावर किती आवाज करेल!

प्रभा : आवाजच नव्हता तिला. दार उघडताना तेवढा सुस्कारा सोडला. आतली माणसंही गप्प. तुमच्या मागं ते जंगल आहे ना, अस्वलं येतात म्हणता ते? बस तिथून गेली. झाड नव्हतं एक. घरंच घरं, दिवे लागलेली.

यशोधन : आई, तुला आज ताप आहे का?

प्रभा : हात लावून बघ. तुझ्यापेक्षा थंड आहे.

उत्कर्षा : तिकीट कसं काढलंत?

प्रभा : पर्स उघडली तर शेजारची पोरगी म्हणाली, राहू दे आजी. आम्ही फेडतोय.

यशोधन : बघ! बसमधले लोकसुद्धा कर्जाचंच बोलतात. उत्कर्षा, तू शिकवलंस ना हिला हे?

उत्कर्षा : मी आत्ता ऐकतेय. आई, ती मराठीत बोलली?

प्रभा : मोडकंतोडकं. पण गोड. विशीची असेल. आपल्यातली दिसली म्हणून विचारलं, कुणाची गं तू?

उत्कर्षा : मग?

प्रभा : यशोधनची, म्हणाली.

यशोधन : इथे आपल्या सरे शहरात तीन यशोधन मला माहीत आहेत.

प्रभा : असतील. नाक तुझं होतं.

यशोधन : आई, आता पुरे.

प्रभा : पुढच्या वळणावर ती उठली. म्हणाली, मी उतरतो. मी हटकलं, अगं, मुलगी ना तू? उतरते म्हण. तर हसली. म्हणाली, बाबा असंच म्हणतो.

यशोधन : म्हणजे काय? इथली पोरं बोलतात तसं. शेजारच्या वनिताचा मुलगा स्वतःबद्दल "मी आली" म्हणतो.

प्रभा : म्हणतोच. त्याचा बाप सदा कामावर, पोर आईच्या तोंडून शिकलं. जे घरात ऐकू येतं ते पोर बोलतं. या पोरीच्या घरात बाईचं मराठी नाहीच.

उत्कर्षा : तुम्ही तिला आईचं नाव विचारलंत?

प्रभा : विचारलं.

उत्कर्षा : काय म्हणाली?

प्रभा : काचेतून बाहेर बघत राहिली. मग उतरली. मी तिच्या मागोमाग उतरले. वळून बघते तर तीही नाही, बसही नाही. पेट्या तेवढ्या.

यशोधन : झालं? आम्हाला मूलबाळ नाही, आई. हे असलं हिच्यासमोर बोलायचं?

उत्कर्षा : यशोधन.

यशोधन : काय?

उत्कर्षा : आहे. मंगळवारी कळलं. तू रॉकीजच्या डोंगरांत होतास, फोन लागत नव्हता. आल्यावर सांगू म्हटलं, तर तू दारातूनच डिझेल घेऊन बसलास.

यशोधन : आईला सांगितलंस?

उत्कर्षा : कुणालाच नाही.

(बाहेर कोपऱ्यावर एक सुस्कारा, दार उघडल्यासारखा. तिघेही ऐकतात. खिडकीशी कुणी जात नाही.)

यशोधन : ते पाकीट फाड.

उत्कर्षा : का?

यशोधन : ती बस नको. त्या पोरीच्या घरी तू... नको ती बस. फाड म्हणतो ना.

उत्कर्षा : बस नसली म्हणजे मी असेन, असं कुणी सांगितलंय तुला? आई, तुम्हाला सांगितलं कुणी?

प्रभा : नाही गं. मी बघितलं तेवढंच सांगितलं.

उत्कर्षा : ती त्या बसमध्ये आहे, यशोधन. कुठेतरी आहे. आणि मी नाही म्हणू?

यशोधन : योगायोग आहे सगळा. आईचं वय झालंय.

उत्कर्षा : मग घाबरतोस कशाला? जॅकेट घाल. पाच वाजायच्या आत हे टाकून ये.

यशोधन : तुझं हो मी टाकू?

उत्कर्षा : तू. मला घरात काम आहे. मला बोलायचंय.

यशोधन : आत्ता? कुणाशी?

उत्कर्षा : (पोटावर हात ठेवून) ऐकतेस ना गं? उतरते म्हणायचं. मी उतरते. मी येते. हळूहळू म्हण, मी थांबलेय.