देवीची पायली आणि डॉक्टरीणबाईंचं पासबुक

बसा मंडळी, बसा! पुढे सरका जरा, देवीसमोर कसली लाज? हां, आता टाळ ठेवा खाली आणि एका प्रश्नाचं उत्तर द्या मला. आपल्या हातात जो पैसा येतो — तो सगळा आपला असतो का?

खांबाला टेकलेले काका मान हलवतायत. "आपलाच की!" म्हणतात. काका, तुमच्यासाठीच आहे आजचं आख्यान, झोपू नका!

तर ऐका. कोंडिवळे नावाचं गाव. डोंगराच्या पोटात घरं, खाली खाडी. त्या गावात सरस्वतीबाई खानविलकर. बाई कशी? अहो, तिचा आवाज आला की कोंबड्या आधी परसात पळायच्या, मग माणसं! शाळा दुसरीपर्यंत. पण हिशेब असा पक्का, की मासेवालीने चार बांगडे जास्त मोजले तरी ही परत द्यायची — आणि एक कमी मोजला तर तिची सात पिढ्यांची चौकशी करायची. फुकटचं नको, हक्काचं सोडायचं नाही! आणि मान? मान मात्र दोन पायल्या जास्तच हवा.

हिची सून, डॉक्टर शलाका. लहान मुलांची डॉक्टर. पण दवाखाना नाही हो तिचा! मग करते काय? चिपळूणचे डॉक्टर लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला गेले, की त्यांच्या खुर्चीवर आठवडाभर शलाका. खेडच्या डॉक्टरांचं गुडघ्याचं ऑपरेशन, की महिनाभर शलाका. बदलीची डॉक्टर! पगार नाही, रजा नाही, पेन्शन नाही. काम केलं तेवढे दिवस पैसे.

सरस्वतीबाईला याचा भारी संताप. शेजारणी विचारायच्या, "सून कुठे असते हो डॉक्टर?" आता काय सांगणार? "सगळीकडे असते!" म्हणायची आणि वळायची.

पहिल्या वर्षी काय झालं, ते ऐका. पैसे आले. शलाकाने सासूला फ्रिज घेतला, नवऱ्याला, दिगंबरला, मोटरसायकल. आनंदीआनंद! आणि जुलै उजाडला. हिशेबनीस म्हणाला, "डॉक्टरीणबाई, टॅक्स?" ही म्हणाली, "तो तर कापून घेतात ना?" "मोठ्या हॉस्पिटलवाल्यांनी शंभरातले दहा कापले तुमच्या नावावर. पण छोट्या दवाखान्यांनी पूर्ण पैसे हातात दिले. त्यांचा कर कोण भरणार — त्यांची आजी?"

हसताय? तुमच्यातले किती जण असेच हसत असतात, आणि जुलैत रडतात!

बांगड्या गहाण पडल्या मंडळी. शलाकाने तेव्हापासून एक रीत लावून घेतली. ज्या दिवशी पैसे येतील, त्याच दिवशी, चहा प्यायच्या आधी, एक हिस्सा दुसऱ्या पासबुकात. ते पासबुक पोह्यांच्या डब्यात, पोह्यांखाली. का? डोळ्यांसमोर दिसलं की हात जातो म्हणून! वर्षभर साठवायचं आणि पंधरा मार्चच्या आत एकरकमी सरकारला. दोन वर्षं झाली अशी. हे तिसरं.

आणि हे तिसरं वर्ष का महत्त्वाचं? तिला बाजारपेठेत गाळा घ्यायचा होता. स्वतःचा दवाखाना! वर पाटी — डॉक्टर शलाका खानविलकर. बँकेचे साहेब म्हणाले, "तीन वर्षांचे कागद स्वच्छ आणा, कर्ज देतो." हातातली बाकी पुंजी गाळ्याच्या बयाण्यात गेली. उरलं ते पोह्यांखालचं पासबुक. त्यात एक लाख आठ हजार.

आता — शिमगा आला!

कोकणातला शिमगा म्हणजे काय सांगू! ग्रामदेवीची पालखी देवळातून बाहेर पडते, घरोघर जाते, अंगणात नाचते. ज्या अंगणात पालखी टेकली, त्या घराने देवीपुढे जो शब्द दिला, तो पालखी परत देवळात जाईपर्यंत पुरा करायचा. मानकरी तात्या मयेकर वही घेऊन बरोबर. तात्यांच्या वहीत शाईने लिहिलं, की झालं.

तारीख बारा मार्च. त्या सकाळी सरस्वतीबाई दडपे पोहे करायला गेली. डब्यात हात घातला, हाताला पासबुक लागलं! उघडलं. आकडे तिला वाचता येत होते हो, चांगले येत होते. एक लाख आठ हजार! बाईचा चेहरा बघायला हवा होता! "अगो बाई! पोह्यांखाली लपवते माझ्यापासून? पडून आहेत नुसते!"

आणि त्याच दुपारी शेजारच्या यशोदा तांबेच्या अंगणात पालखी टेकली. यशोदाचा मुलगा मस्कतला. यशोदा पदर सावरून म्हणाली, "देवीच्या छत्रीला चांदीची कडी. एक्कावन्न हजार!" ढोल वाजला. यशोदाने कुंपणावरून कोणाकडे बघितलं? अचूक ओळखलंत!

पालखी खानविलकरांच्या अंगणात आली. शलाका तेव्हा खेडला, कोणाच्या तरी खुर्चीवर. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "या घरादाराला सुखी ठेव, डॉक्टरीणबाईंच्या हाताला यश दे..." आणि सरस्वतीबाई कडाडली —

"लिहा तात्या! आमच्या सुनेकडून, एक लाख एक!"

ढोल थांबला. मग दुप्पट वाजला! यशोदाचा पदर खाली आला, तिला कळलंसुद्धा नाही. बाईला त्या रात्री अशी झोप लागली, जशी लग्नानंतर लागली नव्हती.

सकाळी शलाका आली. सासूने चहा पुढे केला, वर बिस्कीट. "बस. तुझं नाव गावात गाजतंय." आणि सगळं सांगितलं. हसत हसत.

शलाकाने कप खाली ठेवला. "आई, ते पैसे माझे नाहीत."

"तुझे नाहीत? मग पासबुकावर नाव काय सरकारचं आहे?"

"नाव माझं. पैसे सरकारचे. परवा भरायचे आहेत."

"परवा म्हणजे आभाळ कोसळणार? पुढे भर!"

"व्याज चढेल, ते एक वेळ सोसेन. पण जुलैत दुसरे आणायचे कुठून? सगळं गाळ्यात गेलं. कागद अडले की कर्ज अडलं, कर्ज अडलं की गाळा गेला. मी जन्मभर दुसऱ्यांच्या खुर्चीवर!"

"अगं, सरकारला एवढे पैसे नि देवीला काहीच नाही? सरकार येतं का तुझ्या अंगणात नाचायला?"

मंडळी, सुनेला राग आला असेल? आला. पण मुलांची डॉक्टर ती. रडणाऱ्याला आधी शांत करायचं, मग टोचायचं! ती सासूजवळ जमिनीवर बसली.

"आई, खळ्यावर भात झोडलं की पहिली पायली काय करता?"

"देवीची. बाजूला."

"घरात कधी आणता?"

"जिवात जीव असेपर्यंत नाही! ती देवळात जाते."

"बाबा गेले त्या वर्षी भात भिजलं. तुम्हीच सांगितलंत, दोन दिवस कणगीत दाणा नव्हता, दिगंबर लहान, रडत होता. तेव्हा ओटीवर देवीची पायली भरलेली होती ना? रांधलीत?"

"जीभ झडो तुझी! देवीचं ते! पोराला कुळथाचं कढण पाजलं, पण तिला हात नाही लावला."

"का? भात तर तुम्हीच पिकवलं होतं."

"पिकवलं मी, पण बाजूला काढलं तेव्हाच ते तिचं झालं!"

"ती माझी पायली आहे, आई," शलाका म्हणाली. "पैसे आले की पहिल्यांदा काढते. पोह्यांखाली ठेवते, कारण तुमच्याइतका माझा हात खंबीर नाही."

अहो, असं कौतुक ऐकल्यावर कोण भांडेल? बाई उठली, परसात गेली. एकेका माडावर हात ठेवत फिरली. तिकडे शब्द देवीला दिलेला. इकडे पैसा दुसऱ्याचा. आणि मध्ये यशोदा!

चौदा तारीख. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या विसाव्याच्या चौथऱ्यावर, सगळं गाव गोळा. उद्या देवी देवळात जाणार. सरस्वतीबाई ठेवणीतलं लुगडं नेसली, नथ घातली आणि गर्दीतून सरळ पुढे गेली. शलाका मागून, "आई, मी बोलते..." "तू गप! बोलले मी, निस्तरणार मी."

हात जोडले. आणि तोच आवाज, कोंबड्या पळवणारा —

"देवी! परवा तुला मी जे दिलं, ते माझं नव्हतं. सुनेचंही नव्हतं. सुनेने दुसऱ्यासाठी काढून ठेवलेली पायली होती ती, मी मानापायी उचलली. शब्द मी दिला, सुनेने नाही. तिला बोल लावू नको."

यशोदाने तोंडाला पदर लावला. हसायलाच!

"हस गं यशोदा, मोकळी हस! तात्या, लिहा. माझ्या बापाने मला दिलेले अकरा माड आहेत, माझ्या नावावर. त्यांचा नारळ दर साल देवीचा, लाख एक पुरे होईपर्यंत. माझ्यानंतरही. आता ह्यात कुणाचा हिस्सा नाही!"

तात्यांनी चष्मा वर केला. "सरस्वतीवैनी, शब्द पालखी परतायच्या आत पुरा करायचा असतो."

"मग चला, आत्ता मोजून घ्या झाडं! अकराच्या अकरा उभी आहेत, पळणार नाहीत!"

सगळं गाव हसलं, तात्याही हसले. त्यांनी जुनी ओळ खोडली, खाली नवी लिहिली आणि गाऱ्हाणं घातलं, "आई, हिने आपलं दिलं, ते मान्य करून घे!" ढोल वाजला. यशोदासुद्धा पुढे आली आणि म्हणाली, "माझा गडी नारळ पाडायला पाठवते हो, फुकट."

दुसऱ्या दिवशी शलाकाने कर भरला. पासबुकात उरले थोडे. तेवढ्यात तात्या दारात. "डॉक्टरीणबाई, माझा पोरगा ठेकेदारी करतो... त्याच्या पैशातली पायली किती हो काढायची?" मागे ढोलवाला. मागे रिक्षावाला! ओटीवर सुपाऱ्या कातरत बसलेली सरस्वतीबाई ओरडली, "रांगेत या! डॉक्टर फुकट बोलणार नाही!"

आज बाजारपेठेत पाटी आहे, मंडळी. आणि कोंडिवळ्यात कोणी विचारलं, सून कुठे असते, तर बाई बोट लांबवून दाखवते.

आता तुम्ही सांगा! काका, जागे झालात ना? वर्षभर देवीला नारळ, नवस, तोरणं — सगळं देता. पण जे तुमच्याकडे केवळ ठेवायला दिलंय, त्याला किती वेळा हात लावला? कामगाराची मजुरी, भावाचा वाटा, सरकारचा कर? तुमच्या पोह्यांच्या डब्यात पासबुक आहे का, की नुसतेच पोहे?

आता आरतीचं ताट फिरेल. टाका, मनापासून टाका. पण हात खिशात घालाल, तेव्हा आधी एवढंच विचारा — यातली पायली काढली का? नसेल, तर ताट पुढे जाऊ द्या. आज नुसता हात जोडा. देवी रागावणार नाही. तिला दुसऱ्याचं भात नको असतं.