गुर्द्यावरची गाठ

श्रावण : नोकरीचं मागून सांग. आधी मले सांग, बापाचं काम विचारलं का त्या साहेबाइनं?

मैना : विचारलं.

श्रावण : अन् तू काय सांगतलं?

मैना : बा, पाणी त पिऊ दे. अमरावतीहून अकोल्यापर्यंत मोटारीत उभ्यानं आली मी.

जाईबाई : पिऊ द्या तिले पानी. पोरगी दारात पाय ठेवत नाई त तुमी फौजदारावानी उभे!

श्रावण : तू चूप बस व जाई. मी हिच्याकून आठ दिवस घोकून घेतलं. बाप कापसाच्या जीनात, सरकी काढाच्या गिरणीत, हमाल आहे, बस. पुढं तोंड मिटजो म्हनलं. मेलेली ढोरं ओढनं छप्पन साली सोडलं. सहा वर्सं झाली. तो वास आता माह्या घरातून कालेजात जाऊ नये.

मैना : सांगते. पण लाइनीनं सांगते. आधी धडा झाला. डेमॉन्स्ट्रेटरच्या जागेले आम्ही सहा जण. प्रत्येकानं एका जनावरावर शिकवायचं. कोणी बेडूक घेतला, कोणी कबूतर. मी सील घेतला.

जाईबाई : तोच तो मिशावाला मासा?

मैना : मासा नाही व माय! जनावर आहे. पिलाले दूध पाजते. बर्फाच्या समुद्रात राहते.

जाईबाई : अन् काकडत नाई?

मैना : तेच त शिकवलं. त्याच्या कातड्याखाली चार-चार बोटं चरबी असते. हिवाळा जवळ आला की अजून चढते. कातड्यातलं रक्त आत ओढून घेतो. वरून गार, आतून गरम.

जाईबाई : म्हंजे वाकय-गोधडी आंगातच शिवेल! बरं हाय बापा. धुवाची कटकट नाई.

मैना : एका साहेबानं विचारलं, अकोल्याच्या पोरीला हा प्राणी कशाला सुचला? मी म्हटलं, साहेब, मे महिन्यात आमच्या जुन्या शहरात पत्र्याखाली राहून पाहा, तुम्हालाही बर्फच सुचेल.

श्रावण : हा हा! असं म्हनलं? हसले का मंग?

मैना : हसले. मग मी खरी गोष्ट सांगितली. भरल्या अंगाच्या सीलले थंडीचं काही वाटत नाही. पण उपाशी राहिला, चरबी झडली, की तीच थंडी त्याच्या जिवावर उठते. मग मूत्रपिंडावरची, आपल्या बोलीत गुर्द्यावरची, गाठ रक्तात रस सोडते. चरबी जाळ, साखर काढ, आजचा दिवस काढ. अन् रोजच असे हाल झाले की गाठ फुगते.

श्रावण : फुगतेच. कोरड्या सालात उपाशी कन्हून-कन्हून मेलेली गाय पाय. गाठ लिंबाएवढी. धडधाकट असून जिच्यावर वीज पडली तिची खारकेएवढी. सीलचं काय अन् गाईचं काय, भूक एकच.

मैना : हेच तू मले चुलीपाशी सांगितलं होतं, बा.

श्रावण : घरात सांगतलं. घरातलं घरात.

जाईबाई : घरात कसं? खाटकाकडून चरबीसकट गुर्दे आनले तुमीच, पोरीचे हात तेलकट केले तुमीच. मी त्याची भाजी केली, ते त कोनी बोलतच नाई.

मैना : त्या गुर्द्यांनीच वाचवलं व माय! धडा झाल्यावर ताटल्या मांडल्या. बोकडाचा गुर्दा, गाठ दाखवा म्हणे. आमच्या सहातला वकिलांचा हेमचंद्र पयला. नाकाले रुमाल. सारी चरबी खरवडून बादलीत टाकली, गुर्दा आरशासारखा केला. साहेब म्हणतात, गाठ कुठे? तो म्हणतो, सर, या बोकडाला नव्हती!

श्रावण : बादलीत गेली!

जाईबाई : अगं माय! पोट दुखून राहिलं माह्यं. बोकडालेच दोष दिला!

मैना : मी चाकू बाजूले ठेवला. चरबीत बोट घातलं, तू दाखवलं तसं. शेंगदाण्याएवढी गाठ वर आली. नागपूरचे चष्मेवाले सर म्हणाले, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, पुस्तकात नाही, बाबांनी शिकवलं. त्यांनी विचारलं, बाबा डॉक्टर का?

श्रावण : मैने.

मैना : मी म्हटलं, नाही. माझे बाबा गावची मेलेली जनावरं ओढायचे, सोलायचे. लोकांनी ते काम गळ्यात बांधलं होतं. बाबांनी ते फेकून दिलं. पण ते करताना जे पाहिलं, ते विसरले नाहीत.

(श्रावण दाराकडे जातो. पाठमोराच उभा राहतो.)

जाईबाई : मंग? काय म्हनले ते?

मैना : एकानं आपला पाण्याचा गिलास जवळ ओढून घेतला.

जाईबाई : ओढू दे. त्याच्या घशाले कोरड पडो!

मैना : चष्मेवाल्या सरांनी मात्र पेन काढला. विचारलं, उपाशी मेलेल्या गाईची गाठ किती मोठी? मी म्हटलं, लिंबाएवढी. त्यांनी तेच लिहून घेतलं. म्हणाले, बाबांना एकदा घेऊन या, मला बरंच विचारायचं आहे.

श्रावण : मले?

मैना : तुले. अन् हा कागद. सोमवारपासून कामावर.

जाईबाई : लागली? नोकरी लागली? अन् इतका वेळ बोकड सांगून राहिली, भवाने! ये, गूळ खा. तुमी काहून दाराभायेर पाहून राहिले? डोये पुसा अन् इकडं या.

श्रावण : धूर गेला डोयात.

जाईबाई : चूल पेटलीच नाई अजून.

मैना : बा, रागावला?

श्रावण : रागावलो. माह्यावर. सहा वर्सं हात लपवत होतो.

मैना : एक काम राहिलं. हा फॉर्म भरायचा आहे. वडिलांचा व्यवसाय. मी रिकामा ठेवला. तू सांगशील तेच लिहीन.

श्रावण : लिह. कापसाच्या जीनात हमाल... थांब. त्याच्या आधी लिह. मेलेली ढोरं सोलत होता, आता सोडलं. अन् गुर्द्यावरची गाठ बोटानं ओयखते.

मैना : एवढं बसत नाही, बा. रकाना लहान आहे.

श्रावण : मंग रकान्याच्या भायेर लिह.