बाबांच्या ताटातला घास

— नाही, वास येत नाही. हुंगून बघा ना स्मिताक्का, हुंगल्यानं काही होत नाही. ही पुडी सांबारात घालायची, चिंचेच्या आंबटात कळतच नाही. आज सव्वीस दिवस मी घालतेय, आमच्या ह्यांना जरासुद्धा संशय नाही. तुमच्याकडे कामाला येते ना वसुमती, तिनंच मला दारू सोडवणाऱ्या आप्पाजींचा पत्ता दिला होता — इथंच, यशवंतपूरच्या बाजारामागे बसतात, पाटी नाही, काही नाही. आता तिनंच तुम्हाला मारतहळ्ळीहून माझ्याकडे पाठवलं. बरं झालं आलात. तुमचे प्रणीतराव जेवायला घरीच असतात ना? आणि मूल नाही ना तुम्हाला? मग बरं आहे. — नाही, सहज विचारलं.

आम्ही आधी काय केलं नाही? तीन महिने सेंटरमध्ये ठेवलं. बाहेर आले त्याच दिवशी बसस्टॉपपर्यंतसुद्धा कळ काढली नाही त्यांनी. देवळात माळ घातली — तर माळ काढून खिशात ठेवायचे, प्यायचे आणि परत घालायचे, म्हणजे देवाला चालतं. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, एक गोळी असते, पण त्यांना सांगून, त्यांच्या मर्जीनं घ्यायची, चोरून दिली तर जिवावर बेतेल. आता सांगून घेणारा माणूस असता तर मी सकाळपासून आप्पाजींच्या दारातल्या रांगेत कशाला उभी राहिले असते, सांगा बघू. आप्पाजींचं उलटं. पिणाऱ्याला कळता कामा नये, कळलं की औषध फुकट. एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, आणि एक दिवस चुकला की पहिल्यापासून. आत काय आहे ते मी विचारलं नाही. सातवी शिकलेली मी, सांगितलं असतं तरी काय कळणार होतं.

नवव्या दिवशी हे पिऊन आले. आले ते तोंड लालभडक, उलट्या, छाती धरून न्हाणीत बसले. मी तांब्या घेऊन दारात उभी — पाणी द्यायचं की नाही, तेसुद्धा आप्पाजींना विचारलं नव्हतं. वाचले. तेव्हापासून थेंब नाही. कांद्याच्या गाळ्यावरून दीड वाजता सरळ घरी येतात, हात धुतात आणि कस्तुरीला मांडीवर घेतात. आधी लेकीकडे बघायचे नाहीत हो. आता पहिला घास तिला. आमच्यात तसंच असतं, तुमच्यातही असेल — बाप जेवायला बसला की ताटातला पहिला घास लेकीला.

मी वेगळं ताट वाढलं तिचं. म्हटलं, सांबार तिखट झालंय, पोरीला नको. तर हसले, माझ्या ताटात काय विष आहे का ग? काय सांगू मी? सांगितलं की संपलं. एकदा तर तिच्या तोंडात बोट घालून घास काढला मी, तर म्हणाले, जळतेस काय बापलेकीवर. तेव्हापासून मी गप्प. घासातून असं किती जाणार — चिमूटभर पुडी, त्यातला एक घास, तोसुद्धा छोटा. छोटाच असतो.

ती? ती काय, त्या कोपऱ्यात झोपलीय. सकाळपासून. नाही, ताप नाही, ताप असता तर मी नेली असती. आधी किरकिर फार करायची, आता शांत झालीय, शेजारची म्हणाली, बाप सुधारला की लेकरं शांत होतात. उलटी होते स्वल्प. दात येताना होतं तसं. — हो, चार वर्षांची आहे. हो, सगळे आलेत दात.

मी सोमवारी गेले होते आप्पाजींना विचारायला. कुलूप होतं. समोरचा चहावाला म्हणाला, गावी गेलेत. चार माणसंही त्यांना शोधत आली होती म्हणे, बरीच तापलेली. कशाला आली होती, मी विचारलं नाही. पुड्या आहेत माझ्याजवळ, पुरतील, म्हणून तर तुमच्यासाठी एक वेगळी काढली. बावीस दिवस राहिलेत अक्का, फक्त बावीस. आज थांबवलं तर उद्या बाटली येणार, बाटली आली की पट्टा. तिच्या दंडावरचा तो डाग बघताय ना — तो पट्ट्याचा, आधीचा. ह्या सव्वीस दिवसांत एक नवा डाग नाही. एक दाखवा मला.

उचलू नका तिला. झोपू दे. हात गारच असतात तिचे, फरशीवर झोपते ना. असं काय बघताय माझ्याकडे? तुम्हीच आलात विचारायला, मी बोलवायला आले नव्हते. रिक्षा कशाला आता, दीड वाजायला आला, हे येतील, मला ताट वाढायचंय. पुडी नको? सरी, नको तर नको. ठेवा तिथं. आणि वसुमतीला काही सांगू नका, ह्यांच्या कानावर जाईल. तुम्ही निघा आता.

ऐका, चपला वाजल्या जिन्यात. तेच आहेत. बाबांची चाहूल लागली की आपोआप उठते ती, बघाच तुम्ही. कस्तुरी. ऊठ बाळा, बाबा आले.

कस्तुरी.