फेस आपला जागच्या जागी

...नाही हो, साबणाचा नाही! जो येतो तो हेच विचारतो, "साबणाचा का?" साबणाचा फेस पांढरा असतो, वारा आला की उडतो, त्याला काही लाज असते! आमच्या सांडपाण्याच्या टाकीवरचा हा तपकिरी, चिकट, दोन-दोन फूट जाड, कठडा ओलांडून चालायच्या वाटेवर येऊन बसतो, आणि तुम्हाला सांगतो, जिवंत आहे तो, जिवंत! प्रयोगशाळेतल्या मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून दाखवला. केसासारखे जंतू, सगळ्या गावाचं तेलकट खाऊन माजलेले!

साहेब म्हणाले, नाकातून बोलतात ते, "सोमवारी पाहणी आहे. फेस दिसला की तुमची बदली." बदली कुठे, तर चार तासांवर! आणि घरी आई. तिला आता दिसत नाही, माझ्याच हातचं जेवते. तिला कोणावर सोपवू?

मग काय, पाण्याचे फवारे मारले. बसला. आम्ही चहा घेऊन येतो तो... फेस आपला जागच्या जागी! फेस मारायचं औषध ओतलं, दोन पिंपं. सकाळी बसला, दुपारी पुन्हा छाती काढून उभा! मॅडम म्हणाल्या, "अहो, टाकीतला गाळ म्हातारा झालाय, रोज थोडा थोडा बाहेर काढा, आणि फेसावर क्लोरीन शिंपडा, पण बेताने हं." बेताने म्हणजे किती? जास्त झालं तर पाणी साफ करणारे चांगले जंतूही खलास! आणि गाळ काढून ठेवू कुठे, डोक्यावर? वाळवायचे वाफे भरलेले, उचलायची गाडी बंद, गाडीचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर, चहाच्या कपाखाली!

शेवटी पाच जणांनी तीन दिवस जाळ्यांनी फेस ओढला आणि बाजूच्या चरात ढकलला. कंबरडं मोडलं, पण रविवारी संध्याकाळी टाकीत पाणी दिसलं हो, पाणी! घरी येऊन म्हटलं, "आई, राहिलो गं इथेच!" ती रडली, मीही रडलो.

सोमवारी सकाळी जातो तो... फेस आपला जागच्या जागी! वर चार बोटं जास्तच!

मॅडमनी विचारलं, "तो चर जातो कुठे?" मी म्हटलं, "चर ना? चर जातो..." चर जातो गावाचं सांडपाणी येऊन पडतं त्या सुरुवातीच्या विहिरीत, आणि तिथून पंपाने थेट टाकीत! म्हणजे तीन दिवस आम्ही पाच गडी घाम गाळून फेसाला फिरवून आणत होतो, दुधाला विरजण लावावं तसं टाकीला फेस लावत होतो!

दुपारी बदलीचा हुकूम हातात. आईला काल ताईकडे सोडून आलो.

आणि हुकमात लिहिलंय काय? "तेथील तिन्ही टाक्यांवर फेसाची समस्या गंभीर असून, सदर कर्मचारी या विषयातील तज्ज्ञ आहेत." बावीस वर्षं नोकरी केली हो... तज्ज्ञ पहिल्यांदाच म्हटलं कोणी.