तीन मजल्यांचा घाट

ठाकुर्लीच्या फिजिओथेरपी केंद्रात जागृती आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारच्या बाकावर काठी धरलेले आजोबा आणि आजी मोबाइलवर सायकल शर्यत पाहत होते.

“अहो, हा तर एकूण वेळेत कितीतरी मागे आहे. मग याला ही गोवर उठल्यासारखी ठिपक्यांची जर्सी कशाला?”

“ती घाटाच्या राजाची जर्सी, कलावती. माथ्यावर जे आधी पोचतात त्यांना गुण. घाट जितका अवघड, तितके गुण जास्त.”

“आणि अर्ध्यात थांबला तर?”

“तर काहीच नाही. माथा गाठावा लागतो.”

“म्हणून घाबरलात होय! मॅडमनी जिना चढायला परवानगी दिली, तरी म्हणे मुलीकडेच राहू.”

“आपल्या घरी जायला तीन मजले आहेत गं, लिफ्ट नाही. नवा गुडघा मध्येच अडला तर?”

“तर पायरीवर बसू. चहाचा थर्मास घेतलाय मी.”

“तरी वर पहिली तूच पोचणार. सगळे गुण तुला.”

“आज नाही. आज मी तुमच्या मागून येणार.”

आजीने पर्समधून घराची किल्ली काढली आणि त्यांच्या खिशात टाकली.

“दार तुम्ही उघडायचं.”