अठरा इंचांचं फाटक

...नाही, मला एवढंच सांगा, बाग सगळ्यांसाठी खुली आहे ना? पाटीवर तसं लिहिलंय, मला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत! आता आमच्या हिचं खुब्याचं हाड मोडलं, मोरीत पाय घसरला, सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज मोकळ्यावर चालायचं, नाहीतर पुढे उठवायला चौघं लागतील." चौघं म्हणाले हो, तोंडावर! बरं, चालायचं कुठे? घरात? वॉकर घेऊन निघाली की चार पावलांत गॅसपाशी, परत चार पावलांत कपाटापाशी. फूटपाथवर गाड्या झोपलेल्या. राहिली बाग. घरापासून शंभर पावलं, आणि सगळ्यांसाठी खुली.

पहिल्या दिवशी हिने वेणी घातली, सहा महिन्यांनी. शंभर पावलांना वीस मिनिटं लागली. पोचलो, तर समोर ते गोल फिरणारं फाटक, कमरेएवढं, चार दांड्यांचं. दोन दांड्यांच्या मध्ये शिरायचं, ढकलायचं, पलीकडे निघायचं. माणूस निघतो. वॉकर? वॉकर बावीस इंच, फाटकातली जागा अठरा. टेप लावायची गरज नव्हती, मला पाठ आहे, का ते सांगतो पुढे...

रखवालदार म्हणतो, "आजोबा, वॉकर वरून द्या इकडे, आजी येतील फिरत." अरे बाबा, ती अशी फिरली असती तर वॉकर कशाला आणला असता? पण हिला हौस. "जाते हो मी." ही मध्ये शिरली आणि मागून आला एक धावणारा, कानात बोंडं घातलेली, त्याला काय दिसतंय, दिली दांडी ढकलून. बरोबर खुब्यावर. ओरडली नाही हो ती. नुसती दांडी धरून उभी, पांढरीफटक. वॉकर आत, मी बाहेर, ही मध्ये. घाबरलो मी, खोटं कशाला सांगू.

कशीबशी बाहेर काढली. म्हटलं, ते मोठं फाटक उघडा की. "त्याची किल्ली हपिसात, आजोबा. कुंड्यांची गाडी आली की उघडतात." म्हणजे कुंडी चाकांवरून जाते. तेवढ्यात एक पोरगी आली बाबागाडी घेऊन. फाटकाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, बाळाला म्हणाली, "चल राजा, आपण लिफ्टमध्ये फिरू." बाग सगळ्यांसाठी खुली आहे!

गेलो हपिसात. साहेब म्हणाले, "काका, दुचाकी आत शिरू नयेत म्हणून आहे ते." म्हटलं, दुचाकी मागच्या पडक्या भिंतीतून शिरतात. "मग भिंतीचा अर्ज वेगळा द्या." म्हटलं, हे फाटक तरी कापा. "कापा? काका, बारा वर्षांत त्याला साधं तेल लागलं नाही. ज्याने केलं त्याचे हात सोन्याने मढवावेत..."

इथे मी उठलोच. कारण... आता तुमच्यापासून काय लपवायचं? मीच केलं. माझं वेल्डिंगचं दुकान होतं तेव्हा. हपिसातला माणूस म्हणत होता, जागा दोन फूट ठेवा. आणि मी, मी शहाणा, म्हटलं, "दोन फुटांत स्कूटर घुसते, अठरा इंच ठेवा!" बसवलं त्या दिवशी हिला दाखवायला नेलं. झरझर आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली, हसत होती. आपण म्हातारे होणार हे मापात धरलंच नव्हतं हो.

अर्ज दिलाय. वर गेलाय म्हणतात. तोवर रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जातो, ही बाहेर उभी राहून आतली झाडं बघते, आणि परत येतो. मला एकदाही बोलून दाखवलं नाही तिने. काल मात्र मी पिशवीतून लोखंड कापायची करवत नेली. रखवालदाराने पाठ फिरवली, बरा माणूस आहे. घासली, घासली, पाऊण तास. हात राहिलेत कुठे पूर्वीचे? दोन पाती मोडली, दांडीवरचा रंग तेवढा निघाला.

ही वॉकरवर रेलून सगळं बघत होती. मग म्हणाली, "चला घरी. काम पक्कं आहे हो तुमचं."